पहिल्या रिंगणाचा तपासनीस

शनिवार, ११ जानेवारी

पाचशे एक! काट्यावर लाल आकड्यांत स्वच्छ दिसतंय – पाचशे एक. आणि त्या पोरांचा सर मला म्हणतो, अहो एका ग्रॅमनं काय होतंय, धूळ असेल. मी म्हटलं, मग पुसा. पुसला. पाचशे एक. मग म्हणे तुमचा काटाच चुकतोय. मी खिशातली दुकानाची चावी काट्यावर ठेवली. सकाळीच वजन करून ठेवली होती – चौदा ग्रॅम. चौदाच भरली. मग त्यानं एक स्क्रू काढला, चारशे नव्व्याण्णव, झालं. जाता जाता विचारतो कसा, "आपण कुठल्या फॅकल्टीला?"

सीमेपलीकडे द्रोकियाजवळच्या खेड्यातली शाळा, सात यत्ता. आठवीत असताना गवंड्याच्या हाताखाली गेलो तो परत बाकावर बसलोच नाही. हे बोललो नाही. पुढचा रोबो आणा म्हटलं.

मी तिथे कसा, हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. त्रायान काकांच्या टायरच्या दुकानात दोन वर्षं झाली, वरच्या माळ्यावर झोपतो. काकांची बहीण कोर्नेलिया बाई. शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात आणि दर हिवाळ्यात जिममध्ये, म्हणजे शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, शाळाशाळांच्या रोबोंच्या कुस्त्या लावतात. तपासणीच्या टेबलावर बसणारा विद्यार्थी तापानं आडवा झाला. काका म्हणाले, आमच्या स्लाविकला ने, तो टायर उचलून वजन सांगतो.

कुस्ती म्हणजे खरंच कुस्ती. मोठ्या परातीएवढं काळं लोखंडी रिंगण, कडेला पांढरा पट्टा. मुठीएवढे दोन रोबो समोरासमोर सोडायचे. कुणी हात लावायचा नाही. जो दुसऱ्याला ढकलून बाहेर पाडील तो जिंकला. तीनातले दोन डाव.

माझं काम त्याआधीचं. वजन पाचशेच्या वर नको. दहा बाय दहाच्या चौकटीतून आरपार खाली गेला पाहिजे. आणि मग कागद. हे मला फार आवडलं. रोबो कोऱ्या कागदावर ठेवायचा आणि सरळ वर उचलायचा. कागद चाकांना चिकटून वर आला आणि दोन सेकंदांत सुटून पडला नाही, तर चाकाला काहीतरी चोपडलेलं आहे. बाद! मशीन नाही, वायर नाही, एक कागद. शिकलेल्यांनी काढलेला असा नियम मी पहिल्यांदा बघितला.

दर डावानंतर रिंगण पुसायचं, तेही माझ्याकडे. रिंगणं दोन. पहिलं माझं. दुसऱ्यावर बाईंची एक जुनी विद्यार्थिनी.

छातीवर बिल्ला होता. "मदतनीस". नाव नाही.

रविवार, १२ जानेवारी

बाईंनी नियमांचं पुस्तक दिलंय. अडतीस नियम. बोट ठेवून वाचतोय. काकांनी दोनदा डोकावून बघितलं, मग म्हणाले, "काय लेका, पाद्री होतोस की काय?"

बारावा नियम माझा. तपासनीस कुठल्याही क्षणी रोबो थांबवून कागद लावू शकतो. पंचाला विचारायची गरज नाही. एकोणिसावा पण चांगला आहे. कॅप्टननं आपला रोबो रिंगणातून उचलला की डाव मान्य. मग त्या रोबोची फेरतपासणी नाही, रडारड नाही. आणि एकतिसावा वाचून हसलो. तपासनीसाविरुद्धही तक्रार करता येते म्हणे! कुणालाही, हंगाम संपेपर्यंत कधीही. कोण करणार?

हंगाम नीट पार पडला तर बाई मला मार्च अखेरीस बुखारेस्टला नेणार आहेत. सगळ्या देशातले संघ येतात तिथे. तिथे मदतनीस नाही, तपासनीस. लाल बिल्ला, त्यावर नाव.

मला तो बिल्ला पाहिजे. दुसरं काही नको.

मंगळवार, १४ जानेवारी

दिवसभर टायर. एक गिऱ्हाईक म्हणतो, "नदीपलीकडचा, बासराबियाचा का रे तू? बोलण्यावरून कळतं." कळतं तर विचारतोस कशाला!

शनिवार, २५ जानेवारी

दुसरी फेरी. एक पकडला, आणि असा पकडला की पंच उठून माझ्याकडे बघायला आला.

तपासणीत चारशे अठ्ठ्याण्णव भरलेला रोबो. तोच पोरगा तासाभरानं रिंगणात ठेवतोय आणि मला आवाज जड आला. टक् ऐवजी ठक्. थांब म्हटलं, उलटा कर. पोटाखाली करड्या रंगाची पट्टी. मी ती रोज चिकटवतो! टायरचं बॅलन्सिंग करताना रिमला लावतो ती शिशाची पट्टी – पाच ग्रॅम, पाच ग्रॅम, पाच ग्रॅम. पोराच्या तोंडावरून रंगच उडाला. म्हणतो, आधीपासून होती. मी म्हटलं, आधीपासून असती तर मी तिला नावानं हाक मारली असती.

त्यावर पोरं हसली आणि माझं नाव पडलं. कस्टमवाला. "पुसून घे रे, कस्टमवाला बसलाय." "काही सांगण्यासारखं आहे का सामानात?" मला बोलून दाखवतात, माझ्या बोलण्याची नक्कल करून.

यांना काय माहीत कस्टमवाला काय असतो! प्रुत नदीच्या सीमानाक्यावर दर खेपेला मलाच बसमधून खाली घेतात. दाढी वाढलेली, हात काळे, बॅग गोणपाटाची – चल, खाली ये. गेल्या ईस्टरला आईनं दिलेल्या आलुबुखाराच्या मुरंब्यात एकानं पेन घातलं. पेन! ढवळून बघितलं, काही नाही, मग तेच पेन कागदाला पुसून माझा फॉर्म भरला. बस थांबलेली, सगळे खिडकीतून बघतायत. मी बरणी तिथेच कचऱ्यात टाकली. आईला सांगितलं, छान होता.

तर असू दे. मी कस्टमवाला. आता तुमची बरणी उघडा.

रिंगणावरच्या डागांचं मिटवलं, ते लिहायचं राहिलं. पुसायला देतात ते स्पिरिट दवाखान्यातलं. त्यानं रबराचे काळे ओरखडे जातच नाहीत, नुसते पसरतात. मागच्या फेरीला घासून घासून खांदा भरून आला होता. आज दुकानातली थिनरची बाटली आणली आणि आपली फडकी. ती वाळून पापडासारखी कडक असतात, पण थिनर पडलं की मऊ. एका हातात रिंगण आरशासारखं! बाई म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात काम." सगळ्यांसमोर म्हणाल्या.

आणि दोन डाव झाले नाहीत तो एक केशरी स्वेटरवाला येतो. इथल्या मोठ्या शाळेचा कॅप्टन, ऑक्तव नाव. बाप सर्जन. चेहऱ्यावर एक पुटकुळी नाही. अगदी हळू, मऊ आवाजात – "दादा, रिंगण जरा स्वच्छ नाहीये. चाकांना काहीतरी लागतंय."

माझं रिंगण! स्वच्छ नाही!

मी फडकं त्याच्या हातात दिलं, तू पूस म्हटलं. तो सॉरी म्हणून गेला. त्याचं ऐकून अजून दोघं तेच म्हणायला लागले. मोठ्या घरचं पोरगं शिंकलं की बाकीच्यांना सर्दी होते.

परत पुसलं. दुप्पट थिनर घालून.

गुरुवार, ३० जानेवारी

अजून डोक्यातून जात नाही. "जरा" स्वच्छ नाहीये. जरा!

शनिवार, ८ फेब्रुवारी

तिसरी फेरी. ऑक्तव पाचच्या पाच कुस्त्या जिंकला, सगळ्या माझ्या रिंगणावर. मी नजर ठेवून होतो. लिहून ठेवतो काय काय दिसलं.

सकाळी कागद लावला – कागद जागचा हलला नाही. साफ. पहिली कुस्ती झाल्यावर गडी रोबो घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. बॅगेतून छोटी बाटली काढली, कापसानं चाकं पुसली. दुसरी कुस्ती, परत तेच. प्रत्येक कुस्तीनंतर. बाकी पोरं सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं माझ्या जिमभर थुंकत हिंडतायत, आणि हा कोपऱ्यात चाकं पुसतोय.

चाकांचं मला कुणी शिकवायचं नाही. रबर म्हणजे माझी भाकरी. ट्यूब घासली, औषध म्हणजे सोल्युशन लावलं, की पाच मिनिटं रबराला असा चिकटपणा येतो की बोट लावलं तर बोट सुटत नाही. त्या पाच मिनिटांत ठिगळ बसवायचं. नंतर लावलंत तर उपयोग नाही. हे पोरगं तेच करतंय! सकाळी कोरडं चाक घेऊन तपासणीला, आणि कुस्तीच्या आधी औषध. पाच मिनिटं पकड. कुस्ती दोन मिनिटांची.

पंचाकडे गेलो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचं पोरगं, माझ्यापेक्षा लहान. सगळं सांगितलं. तो म्हणाला, स्पिरिटनं पुसत असेल, सगळेच पुसतात, आणि सकाळी तुम्हीच पास केलाय ना? मी म्हटलं, पाच मिनिटांची गोष्ट आहे ही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वजन बघा हो, दादा."

वजन बघा!

दुसऱ्या रिंगणावर मात्र एक बघण्यासारखा संघ आहे. रेशित्साच्या तंत्रशाळेच्या तीन मुली. त्यांची कॅप्टन देनिसा, बापाचा कोट घालून येते, बाह्या दुमडून. त्यांच्या रोबोचं पुढचं, ढकलायचं पातं कानशीनं हातानं घासलेलं आहे. मी बोट फिरवलं – इतकी सरळ धार मशीनला जमत नाही. "कुणी घासलं?" तर म्हणाली, "मी. सात पाती फुकट गेली, हे आठवं." पोलादाच्या भट्ट्यांच्या गावच्या मुली. यांच्याकडे सर्जन नाही.

एक मार्चला अंतिम फेरी आहे, माझ्या रिंगणावर. जिंकेल तो संघ बुखारेस्टला. ऑक्तव तर येणारच. देनिसाही येईल.

रविवार, ९ फेब्रुवारी

काकांना जेवताना सांगितलं. मक्याच्या उकडीवर चीज किसत होते, किसतच राहिले. मग म्हणाले, "हातात सापडला तर धर. नाही सापडला तर तोंड मीट. अर्धवट बोलशील तर उद्या तेच म्हणतील, टायरवाल्याच्या पोटात दुखतंय."

पोटात दुखतंयच! पण ते वेगळं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बारावा नियम पाठ झाला. कुठल्याही क्षणी.

शनिवार, १ मार्च

पकडला. पकडला!

जिम भरलेली. वसंताचा पहिला दिवस म्हणून सगळ्यांच्या मनगटाला लालपांढरे दोरे, बाईंनी मलाही एक बांधला. अंतिम सामना देनिसा आणि ऑक्तव. मी त्याच्या आधी रिंगण तीनदा पुसलं. कुणाला तोंड उघडायला जागाच ठेवायची नाही.

पहिला डाव ऑक्तव. दुसरा देनिसा – तिच्या पात्यानं केशरी रोबो असा उचलला की पालक खुर्च्यांवर उभे राहिले. तिसरा डाव लांबला. दोन्ही रोबो नाकाला नाक लावून घरघरतायत, कुणी हलत नाही. मग इंच, अर्धा इंच, आणि देनिसाचा रोबो कडेवरून खाली. टाळ्या. देनिसानं ओठ चावला, वाकून आपला रोबो उचलला. ऑक्तवनं आपल्या रोबोला हात घालायच्या आत मी मध्ये कागद घेऊन उभा.

"बारावा नियम," मी म्हटलं.

पंच म्हणाला, आता? मी म्हटलं, कुठल्याही क्षणी. बाई पुढे आल्या. त्यांनी मान हलवली. मी केशरी रोबो कागदावर ठेवला, सरळ वर उचलला.

कागद वर आला.

एक. दोन. तीन. जिम मोजायला लागली, सगळी पोरं एका सुरात. पाच. सहा. नऊला एक कोपरा सुटला आणि कागद लोंबत राहिला. अकराला पडला.

ऑक्तव पांढरा पडला होता. त्यानं स्वतःहून बाटली आणून दिली. पंचानं वास घेतला, बाईंनी घेतला – स्पिरिट. तो म्हणाला, "मी काही लावलेलं नाही, देवाशपथ. मी रिंगणावरचं काढतोय. पहिल्यापासून सांगतोय." मी म्हटलं, दुसरी बाटली कुठंय? तो म्हणाला, दुसरी नाही. बॅग उघडायला लावली. सगळ्यांसमोर. वह्या, सँडविच, मोजे, चार्जर. मोज्यांत हात घालून बघितलं. नाही सापडली. टाकून दिली असेल.

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तिचाही रोबो ठेवा ना कागदावर. फक्त एकदा."

मी एकोणिसावा नियम म्हणून दाखवला. तिनं रोबो उचललाय. उचललेल्याची फेरतपासणी नाही. अख्खा नियम, एक शब्द न अडखळता. त्याच्या बापानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मी परत म्हटला.

बाद. दोन हंगाम बंदी. तो अकरावीत आहे, म्हणजे शाळा संपेपर्यंत. बाईंनी माइकवरून नाव वाचलं, शाळेचं नाव वाचलं. केशरी स्वेटरवाल्या चौघांनी खोकी भरली. एकदाही कुणी कस्टमवाला म्हणालं नाही.

देनिसा जिंकली. हसली नाही फारशी. म्हणाली, "ढकलून जिंकायचं होतं." मी म्हटलं, चोराला ढकलायची गरज नसते.

आणि बिल्ला! बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिला – स्लाविक नाही, पूर्ण वेचेस्लाव, पुढे आडनाव, खाली तपासनीस – आणि शर्टाला टोचला. लाल आहे. अगदी लाल.

रविवार, २ मार्च

आईला फोन केला. सगळं सांगितलं, कागद, अकरा आकडे, बुखारेस्ट, बिल्ला. ती शांतपणे ऐकत होती. मग विचारते काय – "पोरगं रडलं का रे?"

रडलं का! कुणाची आई आहेस तू? मी म्हटलं, नाही रडलं. खोटं बोललो. दाराबाहेर पायरीवर बसला होता, बाप शेजारी उभा. फोन ठेवल्यावर तासभर जॅकचे दांडे विनाकारण पुसत बसलो.

गुरुवार, ६ मार्च

पायरीवर बसलेला दिसतो. चोर असून दिसतो. याचाच राग येतो.

शनिवार, ८ मार्च

सगळे चोर आहेत. सगळे! एक माणूस सरळ नाही या देशात, त्याही देशात नाही.

बाईंनी आज पहिलं रिंगण रेशित्साला पाठवलं, मुलींना बुखारेस्टपर्यंत सराव करायला. काकांच्या व्हॅनमधून मीच नेलं. आठ मार्च, बायकांचा दिवस, म्हणून वाटेत तीन ट्युलिप घेतले. बिल्ला लावून गेलो. हो, लावून गेलो, काय झालं.

शाळेची कार्यशाळा चांगली आहे. जुनी लेथ, तेलाचा वास, बरं वाटलं. रिंगण टेबलावर ठेवलं, वाटेत धूळ बसली होती म्हणून थिनरची बाटली आणि फडकं काढून चकचकीत पुसून दिलं. मुलींनी चहा केला. चारपाच डाव खेळून दाखवले, त्यांच्याच जुन्या रोबोशी. देनिसा खुलली होती, मला म्हणाली, "तपासनीससाहेब, मी ढकलते कशी ते बघा." धाकट्या दोघींनी विचारलं, तो कागद कसा लावतात, आमच्या समोर लावून दाखवा ना. त्यांनीच विचारलं!

मी वहीतला कागद फाडला. देनिसाचा रोबो ठेवला, उचलला.

कागद वर आला. सात मोजले. पडेना.

त्या हसायला लागल्या, त्यांना वाटलं मी काही हातचलाखी करतोय. माझं तोंड बघून थांबल्या. मी विचारलं, काय लावलंय? देनिसा म्हणाली, "आम्ही काही लावलेलं नाही, देवाशपथ."

तेच शब्द! त्याचेच, जसेच्या तसे!

मग मी बोललो. बरंच बोललो. तुझं पातं बघून मी तुला माणूस समजलो, आणि तू पण औषधवाली, तुझ्यापायी मी सर्जनच्या पोराशी वैर घेतलं. ती गोरीमोरी झाली पण मागे हटली नाही. म्हणाली, सकाळपासून चाकांना हात लावलेला नाही, हवं तर बाकीच्यांना विचारा. आणि मग असं काही म्हणाली – "तुम्हाला ना, चोर सापडला नाही की चैन पडत नाही. हा दुसरा रोबो पण ठेवा कागदावर. ही लेथ पण ठेवा."

मी ट्युलिप टेबलावर आपटले आणि निघालो. परत येताना शंभरच्या खाली आलो नाही.

बाईंना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगतो. या मुलींनाही बाद करायला लावतो. मग बुखारेस्टला कुणीच जाऊ नये, मी एकटा जाईन, बिल्ला लावून, रिकाम्या रिंगणाशेजारी बसेन.

रविवार, ९ मार्च

नाही सांगितलं. फोन दोनदा हातात घेतला. तो दुसरा रोबो मी कागदावर का ठेवला नाही?

सोमवार, १० मार्च

सकाळी पहिलंच पंक्चर. ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, ठिगळ बसवलं, बाहेर आलेलं सोल्युशन नेहमीसारखं फडक्यानं टिपून घेतलं. गिऱ्हाइकाला पावती द्यायची म्हणून त्याच फडक्यावर थिनर ओतून हात पुसले. पावती फाडली, द्यायला हात पुढे केला. पावती सुटेना.

तळहात खाली केला. कागद तसाच.

दोन वर्षं सोल्युशन टिपलेली फडकी. ती आम्ही धूत नाही, वाळवतो. आणि त्यांनीच मी रिंगण पुसत होतो.

काका म्हणाले, "काय रे, गिऱ्हाईक उभं आहे, करतोस काय?" मी म्हटलं, मोजतोय. तेराला पडली.

शाळेत फोन केला; बाई तासावर होत्या, शिपायाला सांगून फोनवर बोलावलं. म्हटलं, बाई, एकतिसावा नियम, तक्रार लिहून घ्या. त्यांनी विचारलं, कुणाविरुद्ध? मी म्हटलं, पहिल्या रिंगणाच्या तपासनीसाविरुद्ध. पलीकडे पेनाचा आवाज.

"पूर्ण नाव सांग, स्लाविक."

"बिल्ल्यावर आहे, बाई. तुम्हीच लिहिलंय."